बोर पिकलं, पण टिकलं का नाही? सोलापूरच्या बोरशेतीची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात फळबागेचा विषय निघाला की दोनच नावं पुढे येतात, डाळिंब आणि द्राक्ष. बोराची आठवण होते ती संक्रांत जवळ आली की. पुण्याच्या मार्केट यार्डात चमेली, उमराण, चेकनट, चण्यामण्या अशा नावांनी बोरं उतरतात. त्यांतली बरीचशी सोलापूरकडची असतात, हे खाणाऱ्याच्या गावीही नसतं. सध्या ॲपल बोर या मोठ्या फळाच्या नव्या वाणामुळे आणि अन्नप्रक्रियेच्या अनुदान योजनांमुळे या पिकाची पुन्हा चर्चा सुरू झाली आहे. या निमित्ताने मागचा इतिहास नीट पाहायला हवा. माझं मत आधीच सांगून टाकतो. शेतात बोराने सोलापूरला कधीच दगा दिला नाही. सगळी माती झाली ती काढणीनंतर.

झाडाचा स्वभावच या जिल्ह्यासाठी घडवल्यासारखा आहे. इथला पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा आणि बराचसा परतीचा. बोर उन्हाळ्यात पानं गाळून झोपी जातं, म्हणजे पाण्याची टंचाई असते तेव्हा त्याला पाणी लागतच नाही. पावसाळ्यात नव्या फुटीवर फुलोरा येतो आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत फळं निघतात. सोटमूळ खोल जातं. एप्रिल-मे महिन्यांत छाटणी केली की काट्या कुंपणाला, पाला शेळ्यांना. शाश्वत शेती हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी हे सगळं बांधाबांधावर चालू होतं.

त्या काळी बोर लावायचं झाड नव्हतंच. ते आपोआप उगवायचं. माळावरची गावरान बोरं गुराख्यांची, पोरांची आणि दुष्काळात सगळ्यांचीच. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर होरपळून निघालं. अशा काळात धान्य संपल्यावर माणसं ज्या रानफळांवर जगली, त्यांत बोर होतं. म्हणून की काय, ते गरिबाचं फळ ठरलं आणि त्याकडे नगदी पीक म्हणून बघायला बराच काळ जावा लागला.

कोरडवाहू शेतीचा शास्त्रीय विचार इथे लवकर सुरू झाला. १९३३ च्या सुमारास सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र उभं राहिलं. शेजारच्या विजापुरातही त्याच सुमारास असंच केंद्र निघालं. सुरुवातीचा भर ज्वारीवर, बांधबंदिस्तीवर आणि ओल टिकवण्यावर होता, आणि ते योग्यच होतं. पुढे १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाला, त्यातही सोलापूर होतं. कमी पावसात धान्याच्या जोडीला फळझाड हवं, हा विचार हळूहळू रुजला आणि बोर त्यात अगदी चपखल बसलं.

पण खरी उडी पडली ती सरकारी योजनेमुळे. १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी योजनेला बळ दिलं, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि १९९० मध्ये फळबाग लागवड तिला जोडली गेली. दुष्काळी कामावर खडी फोडणारे हात आता स्वतःच्या रानात खड्डे खोदू लागले, मजुरी आणि कलमं योजनेतून. महाराष्ट्राच्या फळबागांचा नकाशा बदलणारा निर्णय म्हणून मी याकडे बघतो. सांगोला, मंगळवेढा, मोहोळ या पट्ट्यांत ज्या माळावर कुसळाशिवाय काही दिसत नव्हतं, तिथे ओळीने बोरं उभी राहिली.

यातली एक कसबाची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पिशवीतलं बोराचं कलम उपटून लावलं की सोटमूळ दुखावतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात झाड मान टाकतं. म्हणून खड्ड्यात थेट गावरान बोराचं बी टोकायचं, रोप अंगठ्याएवढं जाड होऊ द्यायचं आणि मग जागेवरच डोळा भरायचा. उमराण किंवा कडाका या वाणाच्या काडीवरचा फुगीर डोळा सालीसकट अलगद काढायचा, रोपाच्या सालीला चीर देऊन आत सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून पट्टीने घट्ट बांधायचं. मुळं माळाचीच राहतात, वर फळ बाजाराचं येतं. बांधावरची जुनी गावरान झाडंही खोडापासून छाटून, नव्या फुटीवर डोळा भरून सुधारता आली. एवढ्या कमी खर्चात बाग उभी करून देणारं दुसरं फळपीक मला माहीत नाही.

मग अडलं कुठे? बागा एकाच वेळी वयात आल्या. चांगल्या झाडावर क्विंटलभर माल लागतो, आणि सगळ्यांचा माल महिना-दीड महिन्यात एकदम निघतो. भोगी-संक्रांतीला सुगडात घालायला, बोरन्हाणाला, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत बोरांना मागणी असते. तो आठवडा सरला की दर कोसळतात. थांबावं तर फळ थांबत नाही. साध्या हवेत आठवडाभरात त्याचा पिवळा रंग तपकिरी होतो, साल सुरकुतते, गर बुळबुळीत होतो. झाड झोडपून बोरं पाडली, गोणीत कोंबली आणि गाडीत चढवली की मार लागलेलं फळ आणखी लवकर जातं. वर फळमाशीची अळी. पडलेली फळं वेचून नष्ट करणं आणि उन्हाळ्यात झाडाभोवतीची आळी चाळून मातीतले कोष उघडे पाडणं हे साधे उपाय आहेत, पण गोणीचा दर गाडीभाड्यालाच पुरत नाही म्हटल्यावर ते करायला कुणाचं मन होणार?

नेमक्या याच काळात डाळिंब आलं. जाड सालीचं, लांबचा प्रवास सोसणारं आणि शीतगृहात दोन-तीन महिने राहणारं. ठिबक आलं, २००३ च्या सुमारास भगवा वाण आला, २००५ मध्ये केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं, २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. लोकांनी बोरं तोडून डाळिंब लावलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. डाळिंबाला पाणी आणि फवारण्या जास्त लागत असल्या तरी माल ठेवता येत होता. ज्याला माल ठेवता येतो, त्यालाच भाव मागता येतो. पुढे डाळिंबावरच्या तेल्या रोगाने बागाच्या बागा बसवल्या, तेव्हा उरलेल्या बोरांची किंमत काहींना कळली.

बोर साठवण्याचे उपाय नव्हते असं नाही. ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला होता. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वर ठिबकणारं पाणी. सोलापूरच्या कोरड्या हवेला असा कक्ष मानवतो. हिवाळ्यात तापमान फार उतरत नसलं तरी आतला दमटपणा फळ सुरकुतू देत नाही. पण तो बांधाबांधावर पोचलाच नाही.

प्रक्रिया मात्र घरोघरी होती, बायकांच्या हातात. गावरान आंबट बोरं पत्र्यावर खडखडीत वाळवायची, उखळात कुटायची, बिया वेगळ्या काढून गर चाळायचा, मीठ-जिरं घालून पुन्हा कुटायचं. शाळेबाहेर पुडीत मिळणारं बोरकूट ते हेच. गंमत अशी की बाजारासाठी लावलेली उमराण त्याला फारशी कामाची नाही; तिच्यात तो आंबटपणाच नाही. उमराण सुकवून खारकेसारखी करायला उत्तम. गरम पाण्यात काही मिनिटं बुडवायची, गंधकाची धुरी द्यायची आणि सोलर ड्रायरमध्ये वाळवायची. साधारण चार-पाच किलोंची किलोभर होते, आणि ती संक्रांतीनंतरही विकता येते. म्हणजे दोन्ही प्रकारची झाडं हवीत. योजनेने बांधावरचं गावरान झाड सुधारताना बोरकुटाचा कच्चा मालही कमी केला, याची नोंद कुणी घेतली नाही.

आता ॲपल बोर आलं आहे. फळ मोठं, काटे कमी, लवकर धरतं. पण त्याला पाणी आणि खत भरपूर लागतं, आणि तेही नाशवंतच. दुसरीकडे २०२० पासूनच्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. बचत गटांनाही त्यात वाव आहे. १९९० च्या योजनेने खड्डे, कलमं आणि मजुरी दिली, पण ड्रायर आणि गोदाम दिलं नव्हतं. ती उणीव या पैशातून भरता येईल, मात्र युनिट सांगोल्या-मंगळवेढ्याच्या बागांजवळ उभं राहायला हवं आणि प्रतवारीत बाजूला पडणारा, आज उकिरड्यावर जाणारा बारका माल त्याने रोख घ्यायला हवा.