अल्टरनेटर गेला, आता किती वेळ?

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपला गच्चीवर विमान बांधलं, तेव्हा आपल्याकडे त्याची मोठी बातमी झाली. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान जोडणारे हौशी लोक हजारोंनी आहेत, आणि त्यांच्यात वादाचा एक हमखास विषय म्हणजे वीज. ती येते अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून; तो गेला की उरते फक्त बॅटरी.

जुन्या पद्धतीच्या छोट्या विमानात वीज गेली तरी इंजिनाला त्याचा पत्ता लागत नाही. ठिणगी पाडणारे दोन मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावरच स्वतःपुरती वीज तयार करतात. हल्ली मात्र बरेच जण इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि विजेवरचे इंधनपंप बसवतात. अशा विमानात वीज गेली तर नुसता रेडिओ मुका होत नाही, इंजिनही थांबू शकतं.

मग सगळ्यांना आधी सुचते ती दुसरी बॅटरी. मला हा अर्धवट उपाय वाटतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या अर्थिंगच्या वायरी एकाच बोल्टला कसल्या असतील, तर तो सैल झाला की दोन्ही एकदम गेल्या. बॅटऱ्या मोजण्यापेक्षा प्रत्येक वायरीपाशी, प्रत्येक स्विचपाशी थांबून ‘हे मेलं तर आणखी काय काय बंद पडेल?’ असं विचारणं जास्त कामाचं.

बॉब नकल्स या अमेरिकी अभियंत्याने लोकप्रिय केलेली एक मांडणी मला फार आवडते. घरी इन्व्हर्टरवर दिवे-पंखे ठेवतो आणि गीझर ठेवत नाही, तसं विमानातही विमानतळापर्यंत पोचायला लागणारी मोजकी उपकरणं वेगळ्या फ्यूज-पट्टीवर घ्यायची. एरवी या पट्टीला मुख्य पट्टीकडून डायोडमधून वीज मिळते. अल्टरनेटर गेला की वैमानिकाने दोनच गोष्टी करायच्या: बॅटरीहून थेट येणारा स्विच चालू, मास्टर स्विच बंद. डायोड एकेरी असल्यामुळे वीज उलटी मुख्य पट्टीत जात नाही. शिवाय मास्टर बंद केल्याने बॅटरीच्या काँटॅक्टरची, म्हणजे बॅटरी मुख्य पट्टीला जोडणाऱ्या विजेवरच्या स्विचची, कॉइल सुटते. ती एकटीच जवळपास एक अँपिअर खात असते!

आता हिशेब. बॅटरी १६ अँपिअर-तासांची (म्हणजे एक अँपिअर सुमारे १६ तास देणारी), सगळं चालू ठेवल्यावर भार २० अँपिअर. कागदावर ४८ मिनिटं होतात, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण १६ हा आकडा वीस तास सावकाश वीज काढली तरचा असतो. घाईने उपसली तर लेड-ॲसिड बॅटरी कमी देते. भार ४ अँपिअरवर आणला तर तीन तासांच्या पुढे जाता येतं. हे सगळं बॅटरी नवी असेल तर.

इथेच लोक फसतात. ‘इंजिन एका झटक्यात सुरू होतं, म्हणजे बॅटरी ठणठणीत!’ स्टार्टर २०० अँपिअर ओढतो खरा, पण पाच सेकंद; म्हणजे पाव अँपिअर-तासाच्या जरा वर. निम्मी क्षमता गमावलेली बॅटरीही तेवढं सहज देते. खरी परीक्षा म्हणजे वर्षातून एकदा जमिनीवर तोच ४ अँपिअरचा भार लावून, व्होल्टेज ११ वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघणं. कंटाळवाणं काम आहे, पण आकाशात लागणारं उत्तर तिथेच मिळतं.

असा हिशेब हवेत करायला गेलं की काय होतं, ते १९८३ च्या ऑक्टोबरात इलिनॉयमध्ये दिसलं. एअर इलिनॉयचं प्रवासी विमान रात्री स्प्रिंगफील्डहून उडताच त्याचा डावा जनरेटर गेला आणि गडबडीत सहवैमानिकाने चालू असलेला उजवाच तोडला. तो पुन्हा जोडला गेला नाही. कॅप्टनने परत न फिरता बॅटरीच्या भरवशावर कार्बनडेलकडे जायचं ठरवलं. बॅटऱ्या वाटेतच संपल्या. विमानातले दहाही जण गेले.

हौशी विमानांत दुसरा अल्टरनेटर बसवायला आता जागाही मिळते. जुन्या उपकरणांसाठीचा व्हॅक्यूम पंप लागत नाही, त्याची बैठक मोकळी असते. तिथे कायमचुंबकाचा ८ अँपिअरचा छोटा अल्टरनेटर बसतो. मोजकी उपकरणं तेवढ्यावर चालतात आणि बॅटरी उतरण्याच्या वेळच्या दिव्यांसाठी शिल्लक राहते. मुख्य अल्टरनेटर गेल्याचं मात्र लगेच कळायला हवं. तो चालू असताना १४ च्या वर व्होल्ट असतात, म्हणून १३ च्या खाली आलं की डोळ्यांसमोर दिवा लुकलुकावा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत हा १३ चा आकडा तसाच चालत नाही. तिचे व्होल्ट शेवटापर्यंत जवळपास तसेच राहतात, आणि मग आतलं संरक्षक सर्किट बॅटरी एकदम तोडू शकतं. म्हणून अशी बॅटरी लावली, की व्होल्टमीटरवर विसंबू नये. अँपिअर मोजावेत आणि घड्याळ लावावं.