पूर, मुळे आणि जिवाणू : सांगलीच्या शेतीसंदर्भात एक पार्श्वभूमी

2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत सांगली जिल्ह्यातील कृष्णा-वारणाकाठची शेती पाण्याखाली गेली. हे पूर जुलै-ऑगस्टमधले, म्हणजे आडसाली उसाची लागण कोवळी आणि सोयाबीन फुलोऱ्याच्या सुमारास असतानाचे. शिवाय काठावरच्या काळ्या, भारी जमिनीत पाणी ओसरल्यावरही वापसा लवकर येत नाही आणि पिकाची मुळे गुदमरलेलीच राहतात.

मुळे गुदमरल्याचा परिणाम पानांवर कसा होतो, याचा उलगडा टोमॅटोच्या रोपांवर झाला. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाण्यात बुडालेल्या मुळांना तो पुरेसा मिळत नाही आणि अशा मुळांत एसीसी नावाचे अमिनो आम्ल साठते. त्याचे इथिलीन (वनस्पतीतील वायुरूप संप्रेरक) होण्यास प्राणवायू लागत असल्याने ते रसाबरोबर वर चढते आणि पानांत पोहोचल्यावर इथिलीन बनते. त्याचे प्रमाण वाढले की वाढ खुंटते आणि पानगळ होते. वनस्पतीत इथिलीन एसीसीपासूनच तयार होते, हे अ‍ॅडम्स आणि यांग यांनी 1979 मध्ये दाखवले, तर पूरग्रस्त टोमॅटोतील एसीसीचा मुळांपासून वरपर्यंतचा प्रवास ब्रॅडफर्ड आणि यांग यांनी 1980 मध्ये.

विशेष म्हणजे एसीसीचे विघटन करणारे जिवाणूंमधील विकर (एन्झाइम) जपानमध्ये होन्मा आणि शिमोमुरा यांनी त्याआधीच, 1978 मध्ये नोंदवले होते. या दोन शोधांची सांगड घालून मुळांवरचे जिवाणू एसीसी खाऊन इथिलीन कमी करतात, ही मांडणी कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या बर्नार्ड ग्लिक यांनी 1998 मध्ये सविस्तर केली. 2001 मध्ये ग्रिचको आणि ग्लिक यांनी अशा जिवाणूंची बीजप्रक्रिया केलेली टोमॅटोची झाडे सलग 9 दिवस पाण्यात ठेवली, तेव्हा ती प्रक्रिया न केलेल्या झाडांपेक्षा चांगली तग धरताना दिसली.

आपल्याकडे सोयाबीनला रायझोबियम आणि उसाच्या बेण्याला अ‍ॅसिटोबॅक्टर लावण्याची पद्धत शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे, त्यामुळे वापराचे तंत्र नव्याने शिकवावे लागणार नाही. मात्र ही जिवाणू खते नत्र डोळ्यांसमोर ठेवून निवडलेली आहेत; एसीसी फोडणारे विकर जिवाणूंच्या प्रत्येक वाणात असतेच असे नाही. म्हणून पूर येऊन गेलेल्या नदीकाठच्या शेतांतून, चिवटपणे टिकलेल्या पिकांच्या मुळांवरून जिवाणूंचे स्थानिक वाण वेगळे करून तपासणे हेच खरे महत्त्वाचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

जिवाणू मुळांना प्राणवायू पुरवत नाहीत. ते पुराआधीच मुळांवर रुजलेले असावे लागतात, आणि उसाचा शेंडा दिवसेंदिवस बुडून राहिला तर त्यांच्याकडून बचावाची अपेक्षा धरता येत नाही. निचऱ्याचे चर त्यामुळे आवश्यकच राहतात. जिल्ह्यातील शिराळा तालुक्याच्या भाताला तर टोमॅटोचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या तयार होण्यास इथिलीनच हातभार लावते.