आत्ताचे आकडे की पक्के आकडे? अलिबागच्या चुंबकीय नोंदींची पार्श्वभूमी

मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. २ सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळात क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरला. निरीक्षकांनी तो डोळ्यांनी वाचून वहीत उतरवला. त्या आकड्यांचे खरे मोल मात्र २००३ च्या विश्लेषणातून जगापुढे आले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये मोजणी अलिबागला हलली. आज तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलमध्ये आहे.

मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज सुमारे नऊ तास घालवली, ६० लाख लोक अंधारात राहिले. ‘काल काय झाले’ हे कळून भागणार नाही, हे तेव्हा सगळ्यांनाच पटले. उपग्रहामार्फत मिनिटामिनिटाच्या नोंदी पाठवण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था त्याच सुमारास उभी राहत होती.

खरा वाद पेटला तो कच्चे आकडे द्यावेत की नाही यावर. सतत चालणारे उपकरण फक्त चढउतार दाखवते. तापमान बदलले, खांब किंचित कलला, की त्याचा शून्यबिंदू सरकतो. म्हणून निरीक्षक ठरावीक दिवसांनी खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, पट्टा बाहेर काढून ठेवतो, लोखंडविरहित खोलीत जातो, थिओडोलाइट या दुर्बिणीच्या उपकरणावर क्षेत्राच्या दिशेचे कोन मोजतो आणि मूळ पातळी ठरवतो. वर्षभराचे असे वेध जुळवल्यावरच आकडा पक्का होतो. ज्यांनी ही तपश्चर्या केली, त्यांना वेधशाळेच्या नावावर कच्चा आकडा बाहेर जाणे खटकणारच. शेजारून ट्रक गेला तरी आलेखात काटा उठतो, आणि एकदा पसरलेला चुकीचा आकडा मागे घेता येत नाही.

तरीही हा आक्षेप सौर वादळाच्या पूर्वानुमानाला लावणे चूक आहे, असे मी ठामपणे म्हणेन. पृथ्वीच्या गाभ्यातले संथ बदल अभ्यासणाऱ्याला पाच नॅनोटेस्लाही जड जातात. वादळात मात्र तासाभरात शेकड्यांनी घसरण होते. तिथे पाचाची चूक कोण मोजतो? अखेर मधला मार्ग निघाला: कच्चे आकडे लगेच, तात्पुरते सुधारलेले साधारण तीन महिन्यांत, पक्के सावकाश.

पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरचे उपग्रह सौर वाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताची, वर्दी साधारण अर्धा ते एक तास आधी देतात. २०२४ च्या जानेवारीपासून भारताचे सूर्याचा अभ्यास करणारे यान आदित्य-एल१ तिथेच आहे. पण वारा आदळल्यावर जमिनीवर नेमके काय घडले, ते अलिबागसारखी ठाणीच सांगतात. मे २०२४ मध्ये सौर वादळाने लडाखच्या हानले इथे आकाश लाल झाले, तेव्हा इकडे कोकण किनाऱ्यावर डोळ्यांना काहीच दिसले नाही.

ऐरोलीतून राज्याच्या विजेचा भार सांभाळला जातो. आपल्या अक्षांशावर वीजजाळ्याला कॅनडाइतका धोका नाही, हे खरे. पण उरणजवळच्या बंदरात येणाऱ्या जहाजांच्या जीपीएसला वादळाचा त्रास होऊ शकतो, आणि त्यांना आकडा हवा असतो तो त्याच तासाला.