आजीच्या नावावर खपलेलं तार्तिफ्लेत

थंडी पडली की फ्रान्समधल्या आल्प्सच्या गावांत, हॉटेलांबाहेरच्या पाट्यांवर तार्तिफ्लेत झळकू लागतं. उकडलेल्या बटाट्याचे काप, परतलेला कांदा, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, थोडी पांढरी वाइन. त्यावर रेब्लोशॉन चीजची अख्खी चकती आडवी चिरून, साल वर येईल अशी ठेवायची आणि भांडं भट्टीत सरकवायचं. चीज वितळून बटाट्यांत झिरपतं, वरची साल खरपूस होते. बाहेर गुडघाभर बर्फ असताना याहून वेगळं काही हवंसं वाटत नाही.

आल्प्समधल्या सावोय प्रांतातल्या आज्या हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या, असा खाणाऱ्यांचा समज असतो. पण तार्तिफ्लेत लोकप्रिय झालं ते १९८० च्या दशकात. चीजचा खप वाढावा म्हणून रेब्लोशॉन उत्पादकांच्या संघटनेने त्याचा जोरात प्रचार केला. निव्वळ बनाव मात्र नव्हे. त्या भागात ‘पेला’ नावाचा जुना पदार्थ आहेच: लांब दांड्याच्या तव्यात बटाटे, कांदा आणि चीज. त्याला भट्टीत घातलं, मांसाची जोड दिली आणि नवं नाव दिलं.

चीज मात्र खरंच जुनं आहे, आणि त्याच्या जन्मामागे चक्क खंडचुकवेगिरी आहे. मध्ययुगात तोन खोऱ्यातले शेतकरी जमीनदारांना किंवा मठांना कुरणाचा खंड देत, तो दुधाच्या मापावर ठरे. मोजणीच्या दिवशी धार अर्धवट काढायची, कासेत दूध राखून ठेवायचं. माप घेणारा माणूस गेला की दुसरी धार. शेवटच्या धारेत स्निग्धांश सर्वांत जास्त, हे गोठ्यात वावरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्या दाट दुधाचं चीज घरच्यासाठी व्हायचं. आज १९५८ पासूनच्या भौगोलिक मानांकनामुळे सगळं कायदेशीर आहे. शेतावर बनलेल्या रेब्लोशॉनवर हिरवी खूण असते, डेअरीत बनलेल्यावर लाल. शेतावरचं चीज आजही दिवसातून दोनदा, धार काढल्या काढल्या लावतात.

बटाटाही तसा उशिराच आला. अठराव्या शतकात बऱ्याच फ्रेंच लोकांच्या लेखी तो जनावरांचा चारा होता. पार्मांतिए हा औषधनिर्माता सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत पडला, तिथे बटाट्यांवरच जगला आणि परतल्यावर त्याने बटाट्याची बाजू लावून धरली. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठाने बटाटा खायला हरकत नाही असा निर्वाळा दिला. खिम्यावर कुसकरलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेल्या घरगुती पदार्थाला आजही त्याचंच नाव आहे.

सावोय तर १८६० पर्यंत फ्रान्समध्येच नव्हता. मग हे डोंगरी जेवण साऱ्या देशाच्या हिवाळ्याचं कसं झालं? माझ्या मते याचं उत्तर स्वयंपाकघरात नसून स्कीच्या उतारांवर आहे. १९२४ मध्ये शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, १९३६ मध्ये कामगारांना पगारी रजा मिळाली, आणि १९६४ पासून सरकारने योजना आखून उंचावर स्की-वसाहती उभारल्या. शहरातली कुटुंबं आठवडाभर बर्फात राहू लागली आणि चीज-बटाट्याची चव घेऊन घरी परतली.

अल्सासमधल्या बेकऑफची गोष्ट निराळी. त्याच्या मुळाशी धुणं आहे. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस, चुलीपाशी उभं राहायला बाईला सवड नाही. म्हणून गाय, मेंढी आणि डुकराचं मांस आदल्या रात्रीच पांढऱ्या वाइनमध्ये मुरत घालायचं. सकाळी ते बटाटे-कांद्यांसह मातीच्या भांड्यात थरांनी रचायचं आणि दमबिर्याणीच्या हंडीला लावतात तशी झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावून भांडं बेकरीवाल्याकडे पोचवायचं. पाव निघाल्यावर भट्टीत जी धग उरे, तीत ते तासन्‌तास शिजे. सूफ्लेनहाइमचे कुंभार अजून ही रंगीत, लांबट भांडी घडवतात.

दक्षिणेत घेवडा आणि मांस एकत्र शिजवून कासुले करतात. त्याबद्दल कास्तेलनोदारी गावाचे लोक शतवर्षीय युद्धातल्या वेढ्याची कथा सांगतात: उपाशी शिपायांसाठी गावाने होतं नव्हतं ते एका हंड्यात टाकलं. कथा झकास आहे, पण आज कासुलेत पडणारा पांढरा घेवडा अमेरिकेतून कोलंबसनंतर, म्हणजे त्या युद्धाच्याही नंतर आला.

ग्रातॅं दोफिनोआ, म्हणजे दूध-सायीत मंद आचेवर भाजलेले बटाट्याचे पातळ काप, हा अस्सल हिवाळी पदार्थ मानला जातो. त्यात चीज घालणं दोफिने प्रांतातल्या कर्मठांना पाप वाटतं. बाकीचा फ्रान्स खुशाल घालतो. त्याची पहिली ज्ञात नोंद आहे ती गाप शहराच्या अधिकाऱ्यांना क्लेर्मों-तोनेरच्या ड्यूकने दिलेल्या मेजवानीची. तारीख १२ जुलै १७८८, ऐन उन्हाळा.