'सपोर्ट आहे' म्हणजे नेमकं काय?

राउटर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या माहितीपत्रकात शेवटी आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज, यांच्या क्रमांकांची लांबलचक यादी असते. बहुतेक जण ती न वाचताच पान उलटतात. या यादीमागे एक जुना घोळ आहे.

१ जानेवारी १९८३ ला इंटरनेटच्या पूर्वजाने, आर्पानेटने, एनसीपी हा जुना प्रोटोकॉल (संगणकांनी आपसात बोलण्याचे नियम) सोडून टीसीपी/आयपी स्वीकारलं. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत टीसीपी/आयपी आयतं मिळू लागलं आणि अनेक कंपन्यांनी तोच कोड उचलला. पण ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता तेव्हा पक्का ठरलेला नव्हता. बर्कलीकरांनी पत्त्यात होस्टच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या, जागी सगळे बिट शून्य धरले. ऑक्टोबर १९८४ मध्ये आरएफसी ९१९ ने सांगितलं, सगळे बिट १ धरा. तोवर शून्यवाली मशीन जागोजागी बसली होती.

नव्या पद्धतीची हाक आली की जुन्या मशीनला वाटे, हे पॅकेट (माहितीचा तुकडा) दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. तेवढ्यावर ते गप्प बसतं तर ठीक होतं. पण पॅकेट पुढे धाडण्याची सोय त्यात मुळातच चालू असे. मग त्या अस्तित्वातच नसलेल्या होस्टचा ठावठिकाणा ते एआरपीने, म्हणजे आयपी पत्त्यावरून मशीन शोधायच्या पद्धतीने, सगळ्या नेटवर्कला विचारी, आणि तशी जितकी मशीन असतील तितकी एकाच क्षणी ओरडत. यातलं प्रत्येक मशीन 'टीसीपी/आयपी सपोर्ट' म्हणूनच विकलेलं!

हा गुंता आवरायला ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११२२ आणि ११२३ आले. संपादक बॉब ब्रेडन. 'केलंच पाहिजे', 'करावं', 'केलं तरी चालेल' अशा पायऱ्या आखून त्यांनी एकेका गोष्टीचा तक्ता दिला. पॅकेट पुढे धाडणं मुळात बंदच हवं, हे त्यात सक्तीचं. शून्यवाला जुना पत्ताही ओळखावा, ही मात्र शिफारस. चूक इतकी पसरली होती की तिलाही तक्त्यात जागा द्यावी लागली.

कागदोपत्री सपोर्टचा दुसरा नमुना ओएसआयचा, म्हणजे टीसीपी/आयपीच्या स्पर्धक प्रोटोकॉलचा. ऑगस्ट १९९० पासून अमेरिकन सरकारने आपल्या खरेदीत तो सक्तीचा केला, १९९५ मध्ये सक्ती मागे घेतली. आपल्याकडे अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याच्या कण्यावर सुरुवातीला दोन्ही प्रोटोकॉल शेजारी शेजारी चालत होते. मुंबईचं एनसीएसटी (सॉफ्टवेअर संशोधन संस्था) आणि आयआयटी त्याच जाळ्यात. १९९५ पासून तिथलीही जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवरून होऊ लागली.