ओला कागद, अर्धा चेहरा

जलरंगात स्वतःचा चेहरा रंगवण्याचे जे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ फिरत असतात, त्यांत कागद वाळताना कधीच दिसत नाही. ब्रश टेकतो, गालावर सावली येते, लगेच नाक, लगेच ओठ. मधली दहा-दहा मिनिटं कापून टाकलेली असतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत हाताची. मग तो स्केचबुक उघडतो, त्याच क्रमाने रंग लावतो आणि गालावर फुलकोबी उगवते, म्हणजे फुलकोबीसारखा दातेरी कडांचा डाग. यात बिचाऱ्या हाताचा काही दोष नाही. त्या दहा मिनिटांत कागदाच्या आत पाणी काय करतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पाण्याकडे येऊच, पण आधी आरसा. आपण आरशाच्या जितके पुढे, तितकीच आपली प्रतिमा आरशाच्या मागे, हे शाळेत शिकलेलं असतं. म्हणजे काच येते डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्यावर. त्यामुळे काचेवर चेहरा जेवढी जागा व्यापतो, ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्म्या मापाची असते. जवळ जा, लांब जा, निम्मीच! खात्री करायची तर एक डोळा मिटा आणि माथा व हनुवटी जिथे दिसतात तिथे काचेवर खुणा करा. मोठ्या माणसाचं डोकं माथ्यापासून हनुवटीपर्यंत साधारण २२-२३ सेंमी असतं. खुणांमधलं अंतर ११ च्या आसपास भरेल. ए-फाइव्ह स्केचबुकच्या १४.८ × २१ सेंमीच्या पानावर हे माप छान बसतं. काचेवर पट्टीने मोजायचं आणि तेच पानावर घ्यायचं, गुणाकार-भागाकार काही नाही. एक डोळा मात्र मिटलेलाच हवा. दोन डोळ्यांना खुणेच्या दोन वेगळ्या जागा दिसतात आणि माप डळमळतं.

माप घेतलं की पहिला धक्का बसतो. डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात, म्हणजे ११ सेंमीत साडेपाचवर. नवशिके ते हमखास वर काढतात, कारण आपलं लक्ष डोळे-नाक-ओठ या पट्ट्यातच घुटमळतं आणि कपाळ व केसांखालचा भाग हिशेबात धरलाच जात नाही.

सेल्फीवरून काढू नये ते अंतरामुळे. नाकाच्या शेंड्यापासून कान १२ सेंमी मागे आहेत असं धरू. फोन नाकापासून ३० सेंमीवर असेल तर कान ४२ वर, म्हणजे नाकाच्या तुलनेत कान ३०/४२, सुमारे ७१ टक्केच दिसणार. आरसा ५० सेंमीवर असेल तर नाकाची प्रतिमा डोळ्यापासून जवळजवळ १०० सेंमीवर पडते आणि हेच प्रमाण ८९ टक्के होतं. सेल्फीत नाक फुगतं ते असं.

दिवा एकच, बाजूने आणि डोळ्यांच्या थोडा वर ठेवावा, पण प्रकाश भरपूर असावा. अंधूक उजेडात आरशात टक लावून बसलं की चेहरा बदलायला लागतो. नजर एका बिंदूवर खिळली की आजूबाजूचे तपशील विरत जातात, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच नोंदवलं होतं. इटालियन मानसशास्त्रज्ञ जोवानी कापुतो यांनी २०१० मध्ये ५० जणांना अंधूक खोलीत आरशासमोर १० मिनिटं बसवलं, तर दोन-तृतीयांश लोकांना स्वतःचाच चेहरा विद्रूप झालेला दिसला. आरशातल्या भुताखेतांच्या गोष्टींना एवढं भांडवल पुरतं. चित्रकारासाठी उपाय साधा: दिवा मोठा करा आणि नजर सतत हलती ठेवा.

पेन्सिल एचबी किंवा टू-बी, हलक्या हाताने. टू-एचसारखी कडक पेन्सिल कागदात चर पाडते. त्या चरांत रंग साठतो आणि गालावर रेघा उमटतात. फोर-बीचं ग्राफाइट ब्रशबरोबर सुटतं आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरलेला थर, मळकट होतो. जे काही खोडायचं ते रंगाआधी, कारण रंग वाळला की त्यातला डिंक खालच्या रेषेवर बसतो आणि मग ती हटता हटत नाही. खोडतानाही मऊ, मळता येणारा खोडरबर टेकवून उचलावा, घासू नये. घासण्याचा परिणाम लगेच दिसत नाही, रंग लावल्यावर डाग होऊन दिसतो. का, ते पाण्याच्या गोष्टीत आहे.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. सेल्युलोजला पाणी अतिशय प्रिय. नुसतं जाळं असतं तर टिपकागदासारखं त्याने थेंब टेकताक्षणी गिळला असता. म्हणून जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचं सायझिंग केलेलं असतं. त्यामुळे पाणी काही काळ पृष्ठभागावर थांबतं आणि आपल्याला रंग खेळवायला वेळ मिळतो. घासून खोडलं की तेवढ्या जागेचं सायझिंग निघतं आणि तिथे रंग खोल शिरून गडद ठिपका होतो.

आता कोरड्या कागदावर रंगाचं एक थारोळं ठेवा. त्याची कड खरखरीत कागदावर अडकून बसते, मागे सरत नाही. कडेपाशी वाफेला बाहेर पडायला जास्त मोकळीक असते, म्हणून तिथलं पाणी लवकर उडतं. पण कड तर हलायला तयार नाही, मग तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि रंगाचे कण सोबत घेऊन जातं. वाळल्यावर मध्ये फिकट, कडेला गडद रेघ. सांडलेल्या कॉफीच्या डागाला कडा येते ती याच कारणाने. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. कॉफीचा डाग इतका जुना, आणि त्याचा हिशेब विसाव्या शतकाच्या शेवटी लागला! नाकाखालच्या सावलीला ही कडक कड शोभते. गालावर मात्र ती जखमेच्या व्रणासारखी दिसते.

फुलकोबीची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि माझ्या मते जास्त सुंदर. तंतूंमधल्या फटी म्हणजे बारीक नळ्याच. अशा नळीत पाणी आपोआप ओढलं जातं, ते केशाकर्षण. ही ओढ नळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते: पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रतिमीटर धरला आणि पाणी तंतूंना पूर्ण चिकटतं असं मानलं, तर १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या फटीत ओढ येते सुमारे १४ किलोपास्कल. १ मायक्रोमीटरच्या फटीत १४४, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षाही (१०१) जास्त. आता वाळण्याचा क्रम बघा. आधी वरचा पाण्याचा थर जातो, मग रुंद फटी रिकाम्या होतात, अरुंद फटी शेवटपर्यंत पाणी धरून ठेवतात. अर्धवट वाळलेला कागद म्हणजे वरून शांत, आतून प्रचंड तहानलेला. अशा वेळी ‘जरा गाल उजळू’ म्हणून ओला ब्रश टेकवला, की ते नवं पाणी चारी बाजूंना खेचलं जातं. वाटेतले अजून न बसलेले रंगकण ते पुढे ढकलत नेतं आणि जिथे त्याचा जोर संपतो तिथे सगळा गाळ टाकतं. फटी सारख्या नसल्याने ती सीमा नागमोडी, दातेरी होते. झाली फुलकोबी.

आकडे बाजूला ठेवले तरी चालेल, चकाकी तेवढी ओळखा. पान तिरकं धरून दिव्याकडे बघितलं की तीन अवस्था कळतात. पान आरशासारखं चमकत असेल तर पृष्ठभागावर मोकळं पाणी आहे; दुसरा रंग सोडा, तो मऊपणे पसरेल. चमक जाऊन साटीनसारखी मंद झळाळी उरली असेल तर हात मागे घ्या. फार तर घट्ट, जवळजवळ पाणी नसलेला रंग चालेल, कारण ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा कमी असलं की उलटा लोंढा येत नाही. झळाळीही गेली तरी पान वाळलंच असं नाही. बोटाची मागची बाजू टेकवून बघा. गार लागत असेल तर अजून बाष्पीभवन चालू आहे. घड्याळ लावून उपयोग नाही. दमट हवेत हाच वेळ दुप्पट-तिप्पट होतो.

चेहऱ्याला तीन वॉश पुरतात. यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड (विटकरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) हे तीन रंग घ्या. गडद त्वचेसाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) जोडा आणि पाणी कमी करा. ‘स्किन टोन’ नावाच्या तयार ट्यूबवर पैसे घालवू नयेत. त्वचेला एक रंग नसतोच. प्रकाश तिच्या आत शिरून विखुरतो, तांबडा सर्वांत खोल जातो आणि खाली रक्त असतं. म्हणून कान, नाकाचा शेंडा आणि गाल कपाळापेक्षा तांबूस दिसतात.

पहिला वॉश ऑकर आणि थोडं लाइट रेड यांचा, सगळ्या चेहऱ्यावर. नाकावरची आणि खालच्या ओठावरची चमक कोरी सोडायची. पान कलतं ठेवायचं, म्हणजे जास्तीचं पाणी हनुवटीपाशी मण्यासारखं जमतं. ते पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचं, नाहीतर तेच नंतर मागे फिरतं. चमक आहे तोवर गाल, नाक, कान यांत लाइट रेडचा एकेक ठिपका सोडायचा. मग थांबायचं, गारवा जाईपर्यंत.

दुसरा वॉश सावल्यांचा. त्यात अल्ट्रामरीन मिसळायचा आणि डोळ्यांच्या खोबण्या, नाकाची बाजू, ओठाखालचा खळगा, मान हे सगळं जोडून एकच आकार म्हणून भरायचं. गालाकडची कड लगेच, चमकत असतानाच, ओलसर ब्रशने ओढून विरवायची. डोळ्याचा पांढरा भागही या सावलीतून सुटत नाही, त्यावर वरच्या पापणीची छाया पडते. तो कोरा ठेवला की चेहरा घाबरलेला दिसतो. तिसरा वॉश बुबुळं, नाकपुड्या आणि केस यांचा, घट्ट आणि थोडा.

प्रत्येक मिश्रण डोळ्यांना हवं त्यापेक्षा गडद करावं. ओल्या कागदात तंतूंमधल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) हवेपेक्षा सेल्युलोजच्या जास्त जवळचा, म्हणून प्रकाश कमी विखुरतो आणि रंग गडद भासतो. पाणी गेलं, हवा परत आली, की तोच रंग फिका पडतो.

पान लाटांसारखं उठतं, त्याला इलाज कमी. भिजल्यावर तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. १५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) कागद एका वॉशला कसाबसा टिकतो. तीन वॉशसाठी ३०० जीएसएम घ्यावा आणि पानाच्या कडा क्लिपांनी दाबून ठेवाव्यात. वही मिटण्याआधी पान मागच्या बाजूनेही चाचपावं. जलरंगातला डिंक वाळल्यावरही पाण्यात विरघळतो, आणि पान गार लागत असताना वही मिटली तर चेहरा समोरच्या पानाला चिकटतो.