बटण लपवलं म्हणजे सुरक्षित झालं?

‘ॲडमिनचं बटण व्ही-इफनं (v-if, अटीनुसार घटक दाखवणारी सूचना) लपवलं की इतरांना ते वापरताच येत नाही’, असं व्ह्यू (Vue, वेबपानं बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) शिकताना अनेकांच्या कानावर पडतं. बटण दिसत नाही, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच आहे.

व्ही-शो (v-show, तशीच दुसरी सूचना) फक्त ‘डिस्प्ले: नन’ लावतो, घटक पानात तसाच राहतो. व्ही-इफ तो डॉममधून, म्हणजे ब्राउझरनं मांडलेल्या पानाच्या रचनेतून, काढतो. पण अट दोन्हींत साधारणपणे ब्राउझरमध्येच तपासली जाते, म्हणजे मागवलेली माहिती तिथे आधीच पोचलेली असते.

स्वतःच्या ॲपवर पाहा. एफ12 दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा. सर्व्हरनं पगाराचे आकडे पाठवले असतील, तर लपवलेल्या तक्त्यातलेही तिथे सरळ वाचता येतील. मग साध्या खात्यातून डिलीटची विनंती हातानं पाठवा. सर्व्हरनं ती नाकारली (बहुधा 403, म्हणजे ‘परवानगी नाही’), तरच अधिकार खरोखर तपासला जातोय.